महाधमनीच्या कमानीचं ऑपरेशन चालू असताना मेंदू कसा जपायचा

हृदयातून निघालेली महाधमनी छातीत वर चढते, कमानीसारखी वळते आणि कण्यालगत खाली उतरते. मेंदूला रक्त नेणाऱ्या शाखा याच कमानीतून फुटतात: आधी इनॉमिनेट, मग डावी कॅरॉटिड, मग डावी सबक्लेव्हियन. कमान फुगली किंवा चिरली आणि ती बदलायची वेळ आली, की शिवण्यासाठी ती उघडावी लागते आणि तेवढ्या वेळापुरता या शाखांचा नेहमीचा पुरवठा तुटतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो जवळजवळ २० टक्के. साठवण काहीच नाही. ३७ अंश तापमानाला रक्त थांबलं तर चार-पाच मिनिटांत पेशी मरायला लागतात. कमान शिवायला मात्र साधं काम असेल तर वीस-पंचवीस मिनिटं आणि पूर्ण कमान असेल तर तासभरही लागतो.

हा लेख अशा केसेसमध्ये नव्याने उभे राहणारे भूलशास्त्राचे रेसिडेंट, पर्फ्युजनिस्ट (हृदय-फुफ्फुस यंत्र, म्हणजे पंप, चालवणारे) आणि आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदर यांच्यासाठी आहे. नातेवाइकांनीही जरूर वाचावा, म्हणजे सर्जनला काय विचारायचं ते कळेल. उदाहरणासाठी ६५ किलोचा प्रौढ पेशंट धरला आहे. चढत्या महाधमनीला चीर पडली आहे, म्हणजे टाइप ए डिसेक्शन, आणि कमानीचा खालचा भाग बदलायचा आहे. आकडे सर्वमान्य पद्धतीतले आहेत, तरी तुमच्या सेंटरचा प्रोटोकॉल आधी बघा.

माझं एक ठाम मत सुरुवातीलाच सांगतो. पेशंटला थंड करताना सगळी ओटी सावध असते. शिवण संपते, पंप पुन्हा चालू होतो, सगळ्यांचे खांदे सैल होतात आणि गरम करण्याची घाई सुरू होते. मेंदूला टाळता येण्यासारखी इजा बऱ्याचदा तिथे होते.

दोन वेगळे शत्रू

मेंदूला इजा दोन वाटांनी होते. पहिली, रक्तच कमी पडणं. यात संपूर्ण मेंदूला थोडाथोडा फटका बसतो. पेशंट उशिरा जागा होतो, बरळतो, माणसं ओळखत नाही, आणि पुष्कळदा काही दिवसांत सावरतो. दुसरी, गुठळी, चरबीचा कण किंवा हवेचा बुडबुडा वर जाणं. यात एखादीच रक्तवाहिनी बंद पडते आणि हात-पाय किंवा वाचा जाते. थंडीचा उपयोग मुख्यतः पहिल्या शत्रूवर होतो. दुसऱ्याला अडवतात ते कॅन्युला (रक्त देणारी नळी) घालणारे, क्लॅम्प (धमनी बंद करणारा चिमटा) लावणारे आणि हवा काढणारे हात. पेशंट १८ अंशांपर्यंत नेला म्हणून स्ट्रोक टळेल असं समजू नका.

पायरी १: ओटीत नेण्यापूर्वी

सीटी अँजिओग्राफी फक्त छातीची करून थांबू नका. मान आणि मेंदूच्या तळाच्या रक्तवाहिन्याही त्यात घ्या. मेंदूच्या तळाशी विलिसचं वर्तुळ असतं, ज्यातून एका बाजूचं रक्त दुसऱ्या बाजूला जातं. पुस्तकातल्या चित्रात ते पूर्ण दिसतं. प्रत्यक्षात अर्ध्याहून अधिक लोकांत त्याचा एखादा दुवा बारीक तरी असतो किंवा नसतोच. एकाच बाजूने रक्त देण्याचा बेत असेल तर हे आधीच कळायला हवं. मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणारी डावी व्हर्टिब्रल धमनी काहींमध्ये थेट कमानीतून निघते, तेही बघून ठेवा. चीर कॅरॉटिडमध्ये शिरली आहे का, हे तर पहिल्यांदा बघायचं.

इमर्जन्सीत सीटी पुन्हा करायला वेळ नसतो. मग निदान कॅरॉटिडचा डॉपलर बेडजवळच करून घ्या.

पेशंट शुद्धीत असेल तर भूल देण्याआधी दोन मिनिटं खर्च करा. दोन्ही हात वर उचलायला सांगा, दात दाखवायला सांगा, एक साधं वाक्य म्हणून घ्या, आणि कागदावर लिहून ठेवा. उजखोरा की डावखोरा, चष्मा किंवा कानाचं यंत्र आहे का, घरात कोणती बोली बोलतात, हेही लिहा. दुसऱ्या दिवशी पेशंट उत्तर देत नसेल, तर तो गोंधळलाय, त्याला ऐकू येत नाही, की आपण वेगळ्या भाषेत विचारतोय, हे त्या कागदावरून समजतं.

पायरी २: लाईन्स आणि मॉनिटर

आर्टरी लाईन (धमनीतलं प्रेशर सतत मोजणारी नळी) दोन हव्यात: उजवी रेडियल आणि डावी रेडियल, म्हणजे मनगटातल्या धमन्या. पायाचं प्रेशर हवं असेल तर मांडीतली फिमोरल तिसरी. उजव्या अ‍ॅक्सिलरीत (काखेकडे जाणारी धमनी) शिवलेल्या ग्राफ्टमधून (कापडी नळी) पंप चालू असताना उजव्या हाताचं प्रेशर खोटं जास्त दिसतं. तेव्हा शरीराचं खरं प्रेशर डाव्या हातावर वाचायचं. कमान उघडून फक्त मेंदूला रक्त देणं सुरू झालं की उलटं होतं: उजवा हात मेंदूकडे जाणारं प्रेशर सांगतो आणि डावा जवळजवळ सपाट होतो. हे ज्याला ठाऊक नाही तो भलत्या आकड्याला औषध देतो.

कपाळावर दोन्ही बाजूंना निअर इन्फ्रारेड सेन्सर लावा. ओटीत सगळे त्याला निर्स म्हणतात. ऑक्सिजन देण्याआधी, पेशंट जागा असतानाचा आकडा लिहून ठेवा. तोच आपला पाया. त्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त घसरण किंवा ५० च्या खाली आकडा आला तर काहीतरी करायचं. मर्यादाही लक्षात असू द्या: निर्स फक्त कपाळामागचा भाग बघतं. मेंदूचा मागचा भाग आणि मेंदूचं मूळ त्याला दिसत नाही.

तापमान निदान तीन ठिकाणी: नाकातून घशात, मूत्राशयात, आणि ऑक्सिजनेटरमधून (पंपाचा रक्तात ऑक्सिजन भरणारा भाग) बाहेर पडणाऱ्या रक्ताचं. पहिलं मेंदूच्या जवळ जाणारं, दुसरं धडाचं. तिसऱ्याबद्दल पुढे बोलू, कारण तेच सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे.

पायरी ३: कॅन्युला कुठे

फिमोरलमधून पंप चालवला तर रक्त खालून वर, चिरलेल्या किंवा चरबीने भरलेल्या महाधमनीतून उलटं जातं. त्याबरोबर कचरा वर जाऊ शकतो आणि डिसेक्शनमध्ये रक्त चिरेमुळे भिंतीत झालेल्या खोट्या पोकळीतही शिरतं. जीव वाचवण्यासाठी घाईत ती वाट घ्यावी लागते, त्याला इलाज नाही. पण हाताशी दहा मिनिटं असतील तर उजवी अ‍ॅक्सिलरी चांगली. कॉलरबोनखाली छेद घेऊन धमनी मोकळी करतात आणि तिला ८ मिलिमीटरचा कापडी ग्राफ्ट शिवतात. कॅन्युला ग्राफ्टमध्ये असल्याने हाताचा पुरवठा चालू राहतो, आणि पुढे इनॉमिनेटच्या मुळाशी क्लॅम्प लावला की तीच नळी मेंदूसाठी वापरता येते. शाखा पुन्हा हाताळाव्या लागत नाहीत. इनॉमिनेटमध्येच ग्राफ्ट शिवणारे सर्जनही आहेत. चीर तिथे शिरलेली नसेल तर तेही बरोबर.

महाधमनीला हात लावण्याआधी तिच्यावर निर्जंतुक आवरणातला अल्ट्रासाउंड प्रोब ठेवून भिंत तपासा. बोटांनी चाचपून मऊ चरबी कळत नाही, आणि सुटते ती मऊच.

पायरी ४: थंड करणं

तापमान एक अंश उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते. १९५० मध्ये टोरंटोच्या बिगेलो यांनी प्राण्यांवर दाखवलेलं तत्त्व हेच. १९७५ मध्ये स्टॅनफर्डच्या ग्रीप यांनी खोल थंडीत रक्ताभिसरण थांबवून चार पेशंटच्या कमानी बदलल्याचं प्रसिद्ध केलं आणि हे ऑपरेशन इतरांच्याही आवाक्यात आलं. पुढे मेंदूच्या चयापचयाची मोजमापं घेऊन रक्त पूर्ण थांबल्यावरचा सुरक्षित काळ मांडला गेला: ३० अंशांना सुमारे ९ मिनिटं, २५ ला १४, २० ला २१, १५ ला ३१. हे अंदाज आहेत, हमी नाही. १९९३ मध्ये स्वेन्सन यांनी ६५६ पेशंटचा अनुभव मांडला. त्यात ४० मिनिटांपुढे स्ट्रोक वाढत गेले आणि ६५ मिनिटांपुढे मृत्यू.

म्हणून आज बहुतेक टीम नुसत्या थंडीवर विसंबत नाहीत. १४ ते २० अंश म्हणजे खोल, २० ते २८ म्हणजे मध्यम थंडी. आपल्या उदाहरणात २४ ते २६ अंशांपर्यंत जायचं आणि त्या काळात मेंदूला वेगळं रक्त द्यायचं. फार खोल गेलं की रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते आणि गरम करण्यात पंपाचा वेळ वाढतो. आणि २८ वर थांबलं, तर मेंदूला रक्त मिळत असलं तरी मज्जारज्जू, मूत्रपिंड आणि आतडी कोमट अवस्थेत उपाशी राहतात. तासाभराचं काम दिसत असेल तर तेवढी कोमट थंडी नको.

सावकाश थंड करा. २० मिनिटांत गाठलेले २४ अंश कागदावर छान दिसतात, पण मेंदूचे सगळे भाग तेवढे गार झालेले नसतात. पंपातून येणारं आणि पंपाकडे परतणारं रक्त यांत १० अंशांपेक्षा जास्त फरक ठेवू नका. रक्ताच्या गॅसेसमध्ये प्रौढांसाठी अल्फा-स्टॅट पद्धत: नमुना ३७ अंशांवर वाचायचा आणि कार्बन डायऑक्साइड ४० च्या आसपास ठेवायचा, तापमानाची दुरुस्ती न करता. त्याने मेंदूचं रक्तप्रवाहावरचं स्वतःचं नियंत्रण टिकतं. पीएच-स्टॅटमध्ये कार्बन डायऑक्साइड घालतात, रक्तवाहिन्या फुलतात, थंडी एकसारखी पसरते, पण कणही जास्त वर जातात. लहान बाळांत ती पद्धत वापरतात.

डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या तर कापडात गुंडाळून; डोळे, कान आणि निर्सचे सेन्सर मोकळे हवेत. साखर १८० च्या खाली ठेवा. थायोपेंटोन, स्टेरॉइड, मॅनिटॉल द्यायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. त्यांनी मेंदू वाचतो असा पक्का पुरावा नाही, आणि थायोपेंटोनने हृदय मंदावतं. द्यायचं असेल तर द्या, पण त्याच्या भरवशावर एकही मिनिट वाढवू नका.

पायरी ५: पंप थांबवणं

थांबण्याआधी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि पर्फ्युजनिस्ट यांनी मोठ्याने एकमेकांना सांगायचं: नाकातलं तापमान किती, मूत्राशयातलं किती, निर्स दोन्हीकडे किती, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) पुरेसं आहे का, शिवणीचा धागा आणि ग्राफ्ट तयार आहे का. मग टेबल डोक्याकडे खाली. जखमेत कार्बन डायऑक्साइडची नळी सोडलेली हवी. तो हवेपेक्षा जड म्हणून तिथेच साठतो आणि बुडबुडा वर गेलाच तर रक्तात लवकर विरघळतो.

पंप थांबतो. मॉनिटरवरच्या आर्टरीच्या रेषा सपाट होतात. एका माणसाने घड्याळ सुरू करायचं आणि दर पाच मिनिटांनी वेळ मोठ्याने पुकारायची. हे काम कोणावर आहे ते आधी नाव घेऊन ठरवा. ‘कोणीतरी सांगेल’ म्हटलं की कोणीच सांगत नाही. घड्याळं दोन लागतात: एक मेंदूचं, एक खालच्या धडाचं. मेंदूला दोन-तीन मिनिटांत रक्त सुरू होईल, धडाला नाही.

पायरी ६: मेंदूला वरून रक्त देणं

१९५७ मध्ये डिबेकी यांनी कमान बदलली तेव्हाही कॅरॉटिडमध्ये पंपाने रक्त दिलं होतं. ती पद्धत आजच्या रूपात रुळवण्यात जपानच्या काझुई यांचा वाटा मोठा. इनॉमिनेटच्या मुळाशी क्लॅम्प लावून अ‍ॅक्सिलरीतून पंप हळूहळू सुरू करायचा. वेग किलोमागे मिनिटाला १० मिलिलिटर. आपल्या ६५ किलोच्या पेशंटला ६५० मिलिलिटर. ८ ते १२ च्या दरम्यान कमीजास्त करायचं, पण हाकायचं ते उजव्या रेडियलच्या प्रेशरवर: ५० ते ७०. त्याहून जास्त दिलं तर मेंदूला सूज येते, म्हणून ‘थोडं जास्तच असू दे’ हा दिलदारपणा इथे नको.

रक्त उजव्या कॅरॉटिड आणि उजव्या व्हर्टिब्रलमधून वर जातं आणि विलिसच्या वर्तुळातून डावीकडे पोचतं. उघड्या कमानीतून डाव्या कॅरॉटिडच्या तोंडाकडे बघा. तिथून रक्त चांगलं उलटं येत असेल तर पलीकडून पुरवठा पोचतोय असं साधारण समजायचं. ते बघून झालं की डावी कॅरॉटिड आणि डावी सबक्लेव्हियन दोन्ही बंद करा. नाहीतर वर चढवलेलं रक्त याच तोंडांतून बाहेर गळत राहतं आणि मेंदूचं प्रेशर चोरलं जातं.

आता इथे थांबून नीट बघायचा प्रसंग. दहाव्या मिनिटाला उजवा निर्स ६२ आणि डावा ४४ दिसतो. घाबरून सर्जनला ओरडायच्या आधी क्रमाने जा:

डावा सेन्सर सुटलाय का? डोकं वळून मानेची शीर दबली आहे का? उजव्या रेडियलचं प्रेशर खरंच ५० च्या वर आहे का? डाव्या शाखांवरचा क्लॅम्प बसलाय का, की सर्जनच्या सक्शनमध्ये सतत लाल रक्त येतंय? हे सगळं ठीक असेल तर वेग किलोमागे १२ पर्यंत न्या. कार्बन डायऑक्साइड थोडा वर येऊ द्या. हिमोग्लोबिन बघा, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींची टक्केवारी) २० च्या खाली गेला असेल तर रक्त द्या. या सगळ्याला मिळून दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये. आकडा हलला नाही तर सर्जनला स्पष्ट सांगा: ‘सर, डावीकडे पुरवठा पोचत नाहीये, डाव्या कॅरॉटिडमध्ये कॅन्युला हवी.’ फुगा असलेली मऊ कॅन्युला कमानीच्या आतून डाव्या कॅरॉटिडमध्ये सरकवतात. त्याआधी ती रक्ताने भरलेली आणि बुडबुडामुक्त हवी. म्हणून ती सुरुवातीपासूनच ट्रेमध्ये तयार ठेवायची, शोधायला सांगायची नाही.

काम ४०-५० मिनिटांपुढे जाणार हे आधीच दिसत असेल, तर आकडा पडायची वाट न बघता दोन्ही बाजूंनी रक्त द्या. डावा सबक्लेव्हियनही विसरू नका. मेंदूच्या मागच्या भागाला डाव्या व्हर्टिब्रलमधून आणि मज्जारज्जूच्या वरच्या भागाला तिथूनच रक्त जातं. लांबलचक कामात, उतरत्या महाधमनीत स्टेंटसह ग्राफ्ट सोडायचा असेल तर विशेषतः, त्यालाही पुरवठा हवा.

वरच्या शिरेतून उलटं रक्त देण्याची पद्धतही आहे. १९९० मध्ये जपानच्या उएदा यांनी ती कमानीच्या शस्त्रक्रियेसाठी मांडली. शिरेतलं प्रेशर २५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. यातलं फार थोडं रक्त पेशींपर्यंत पोचतं. डोकं गार राहतं आणि धमन्यांतली हवा, कण उलट धुऊन निघतात, हा तिचा खरा फायदा. रक्ताभिसरण थोडाच वेळ थांबवायचं असेल तेव्हा आणि खोल थंडीत ती चालते. एकमेव आधार म्हणून मी तिच्यावर विसंबणार नाही.

पायरी ७: हवा काढणं

शेवटचे दोन टाके बाकी असताना सर्जनला घाई नसावी. डोकं खालीच. पर्फ्युजनिस्टने वेग अगदी सावकाश वाढवायचा, कमान आतून रक्ताने भरत येते आणि फेसासारखी हवा, बारीक कण, जुनी गुठळी ग्राफ्टच्या उघड्या भागातून बाहेर पडतात. रक्त स्वच्छ, बिनबुडबुड्याचं येईपर्यंत थांबा, मगच गाठ मारा आणि ग्राफ्टवर क्लॅम्प लावा. शक्य असेल तेव्हा ग्राफ्टच्या फांदीतून पुढच्या दिशेने पंप सुरू करा, मांडीतून उलटा नको.

पायरी ८: गरम करणं

लगेच हीटर वाढवू नका. पाच-दहा मिनिटं गार रक्तच फिरू द्या. उपाशी राहिलेल्या पेशींतून साचलेली आम्लं धुऊन निघतात. मग सुरुवात.

नाकातला प्रोब गरम करताना मेंदूच्या मागे पडतो. त्यावर ३५ दिसत असताना मेंदूला ३८ चं रक्त जात असू शकतं. म्हणून ऑक्सिजनेटरमधून बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या तापमानाकडे बघायचं. ते कधीही ३७ च्या वर जाता कामा नये. ३० अंशांच्या वर गेल्यावर बाहेर पडणारं आणि परतणारं रक्त यांत ४ अंशांच्या आत फरक, आणि वेग मिनिटाला अर्ध्या अंशापेक्षा कमी. २४ वरून ३६ ला यायचं तर प्रत्यक्षात तासभर जातो किंवा त्याहून थोडा कमी. सर्जन विचारेल, ‘अजून किती?’ सेकंड केस बाहेर थांबलेली असेल. तरीही तासाला तास लागू द्या. आत्ताच उपासमारीतून उठलेल्या मेंदूला ताप सोसत नाही.

३६ ते ३६.५ ला पंपावरून उतरायचं. उरलेलं ब्लँकेटने.

पायरी ९: आयसीयू

पहिले २४ तास ताप येऊ द्यायचा नाही, ३७.५ ला पॅरासिटामॉल आणि गार ब्लँकेट तयार. प्रेशर पेशंटच्या नेहमीच्या पातळीजवळ, म्हणजे जुना रक्तदाबाचा पेशंट ६५ च्या सरासरीवर खूश असेलच असं नाही. कार्बन डायऑक्साइड ३५ च्या खाली पडू देऊ नका, व्हेंटिलेटर जोरात लावला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात.

रक्तस्राव थांबला, प्रेशर स्थिर झालं की झोपेचं औषध थोडा वेळ थांबवा आणि पेशंटला त्याच्या बोलीत हाक मारा. ‘काका, डोळे उघडा. डावा हात दाबा. आता उजवा. पाय हलवा.’ चार गोष्टी, चारही नोंदवायच्या, आणि ओटीआधीच्या कागदाशी ताडून बघायच्या. दोन्ही पाय हलत नसतील तर मेंदूआधी मज्जारज्जूचा विचार करा. प्रेशर वाढवणं आणि कमरेतून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढणं यासाठी वेळ फार थोडा असतो.

एक बाजू हलत नसेल तर ‘भूल अजून उतरली नसेल’ असं म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. भूल एकाच बाजूला राहत नाही. ताबडतोब मेंदूचा सीटी आणि मान-मेंदूची अँजिओग्राफी. ताजी शस्त्रक्रिया असल्याने गुठळी विरघळवणारं औषध चालत नाही, पण मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर कॅथेटरने गुठळी ओढून काढता येते, आणि त्यासाठी घड्याळ चालू झालेलं असतं.

पेशंट कुठलीच बाजू हलवत नाही, डोळेही उघडत नाही, आणि सीटी स्वच्छ आहे, तर ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) करा. बाहेरून न दिसणारी फिट चालू असू शकते. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) मोठ्या डोसमध्ये दिलं असेल, किडनी मंदावलेली असेल, तर ही शंका आणखी लवकर घ्यायची.

बरळणाऱ्या पेशंटचे हात बांधण्याआधी चष्मा लावून बघा, कानाचं यंत्र घाला, रात्री दिवे कमी करा, आणि घरच्या एका माणसाला पाच मिनिटं आत येऊ द्या. पहिल्या ओपीडीला घाव आणि इको बघून झाल्यावर पेशंटबरोबर आलेल्या माणसाला वेगळं विचारा: हिशेब पूर्वीसारखे जमतात का, वाट चुकतात का, चिडचिड वाढली आहे का. पेशंट स्वतः ‘मस्त आहे’ म्हणून सांगतो.